लँकेशायरच्या शंभर वर्षांच्या विणकर आजींच्या आठवणी मराठीत आणताना: गिरणी, घर आणि चॅपलचे शब्द

आडवा_धागा

नमस्कार. ईशान्य लँकेशायरमधल्या, बर्नली-नेल्सन पट्ट्यातल्या एका आजींच्या आठवणींचं मराठी भाषांतर हाती घेतलं आहे. आजींचा जन्म एप्रिल 1925 चा. आई, वडील, मावशी, थोरला भाऊ, सगळे कापडगिरणीत. रविवार मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत मेथडिस्ट चॅपलमध्ये. ध्वनिमुद्रणाचा इंग्रजी उतारा तयार आहे, अजून दोन बैठका बाकी आहेत. वाचक प्रामुख्याने मुंबईच्या गिरणगावाशी नातं असलेले आहेत.

अडलेल्या जागा अशा.

गिरणीतले शब्द: टॅकलर, टेंटर, सिक वीव्हर, पर्न, स्मॅश, "किसिंग द शटल", "मी-मॉ". शब्दकोशातले पर्याय कुणा कामगाराच्या तोंडचे वाटत नाहीत.

चॅपल: आजी "आम्ही चॅपल, समोरचे चर्च" असं सारखं म्हणतात. दोन्हीला चर्च लिहिलं तर वाक्यच कोसळतं. शिवाय "सर्मन्स", "प्लॅन", "क्लास टिकट", "बँड ऑफ होप" आहेतच.

घर आणि पैसे: "टिप अप", "स्पेंड्स", "डिव्ही". शिलिंग-पेनीचे रुपये करावेत का?

तारखांचा गोंधळ: एका ध्वनिमुद्रणात त्या "बाराव्या वर्षी अर्धा दिवस गिरणीत" म्हणतात, दुसऱ्यात "चौदाव्या वर्षी". आणि वडिलांचं काम "इंडियामुळे" गेलं असंही सांगतात. त्याला टीप द्यावी का, द्यावी तर किती?

---

साळखाता

गिरणीच्या शब्दांबद्दल निर्धास्त राहा. ते मराठीत आधीच आहेत. दावर यांची मुंबईतली पहिली गिरणी 1854 मध्ये स्थापन झाली, 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली, आणि तिची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडची होती. पुढे कित्येक दशकं साचे, रिंगा, कार्डिंग यंत्रं लँकेशायरहूनच येत राहिली. यंत्र एकच, तर त्याचे भाग सांगायला कामगारांनी जे शब्द रुळवले तेच वापरा: लूम म्हणजे साचा, शटल म्हणजे धोटा, पर्न म्हणजे आडव्या सुताची कांडी, बीम म्हणजे भीम (उभं सूत गुंडाळलेला रूळ), रीड म्हणजे फणी, वीव्हिंग शेड म्हणजे साळखाता, साइझ म्हणजे खळ.

आता क्रिया समजून घ्या, म्हणजे आजींची वाक्यं आपोआप जुळतील. साधा लँकेशायर साचा मिनिटाला साधारण 200 वेळा धोटा फेकतो. यार्डभर पन्ह्याच्या कापडाला म्हणजे मिनिटाला 200 यार्ड आडवं सूत लागतं. कांडी काही मिनिटांत संपते. एका विणकरणीकडे चार साचे, म्हणजे हातात कायम एक भरलेला धोटा आणि डोळा पुढच्या साच्यावर. आडवी तार तुटली किंवा संपली तर काट्यासारखा एक भाग ते ओळखतो आणि साचा थांबतो. उभी तार तुटली तर मात्र साधा साचा थांबत नाही. तुटलेलं टोक शेजारच्या तारांत गुंततं, तिथे विणच होत नाही, वर नुसते सुटे धागे तरंगतात. यालाच आजी "फ्लोट" म्हणत असणार. म्हणून विणकरीण साच्यांमध्ये सतत फिरते, उभ्या ताण्यावरून नजर आणि हात फिरवत राहते. "उभं राहून यंत्र चालवायची" असं भाषांतर करू नका. त्या चालत होत्या.

"स्मॅश" म्हणजे धोटा ताण्याच्या मध्येच अडकणं. फणीच्या पुढच्या ठोक्याला शेकडो उभ्या तारा एकदम तुटतात. प्रत्येक तार वहीतून (उभ्या तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून पुन्हा ओवायची, गाठ मारायची. तेवढा वेळ तो साचा बंद, आणि मजुरी कापडाच्या नगावर, त्यामुळे कमाईही बंद. उताऱ्यात "स्मॅश झाला आणि मी रडले" असं काही असेल तर रडण्याचं कारण हे आहे. कापड तपासणारा दोष सापडल्यावर विणकराला बोलावून पैसे कापायचा. हे मुंबईच्या वाचकाला सांगावं लागणार नाही. इथे तर बिघडलेलं कापड कामगाराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करायचे.

"किसिंग द शटल"चं "धोट्याचं चुंबन" करू नका, ते गोड वाटतं. जुन्या धोट्याच्या बाजूला चिनी मातीचं बारीक डोळं असायचं. नवी कांडी बसवली की त्या डोळ्याला ओठ लावून श्वास आत ओढायचा, सुताचं टोक तोंडात यायचं. सुताबरोबर तेल, खळ, कापसाची धूळही. शिवाय तोच धोटा शिकाऊ मुलगी, साचे दुरुस्त करणारा जॉबर, बदलीवाली सगळ्यांच्या तोंडाला लागायचा. दात किडायचे, रोग पसरण्याची भीती असायची. हातानं ओवायचे धोटे आले होते, पण ते मंद वाटत आणि बदलायला खर्च होता. लँकेशायरमध्ये या प्रकारावर बंदी आली ती थेट 1952 मध्ये. "तोंडानं तार ओढणं" एवढं साधं लिहा.

"सिक वीव्हर" म्हणजे आजारी विणकर नव्हे! आजारी किंवा गैरहजर विणकराच्या जागी दिवसापुरती घेतलेली बाई. मराठीत एकच शब्द: बदली. "टेंटर" म्हणजे विणकराच्या हाताखाली शिकणारी पोर: कांड्या आणायच्या, साचे झाडायचे, तार जोडायला शिकायचं. बहुतेक वेळा आई, मावशी किंवा शेजारीण शिकवायची. "शिकाऊ मुलगी" पुरे.

"मी-मॉ" मात्र ठेवाच. शेकडो साच्यांच्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून ओठ मोठे करून, हातवारे करून, आवाज न काढता बोलायची पद्धत. पहिल्या वेळी अर्ध्या ओळीत समजावा, पुढे तोच शब्द चालू द्या.

टॅकलर म्हणजे जॉबर.

---

इचलकरंजी_माग

साळखाता यांच्या शेवटच्या ओळीला थोडं थांबवतो. टॅकलर आणि जॉबर दोघेही साचा दुरुस्त करतात, भीम चढवतात, ठोका जुळवतात. तिथपर्यंत ठीक. पण मुंबईचा जॉबर माणसं भरायचा, गावाकडून आणायचा, बदलीला काम देण्याचे पैसे घ्यायचा, उधारीही द्यायचा. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या 1931 च्या अहवालानं या सत्तेवर बोट ठेवलं, 1935 मध्ये मुंबईत बदली नियंत्रणाची पद्धत आणावी लागली. टॅकलरची ताकद वेगळ्या जागी होती. त्याचा पगार त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर ठरलेल्या प्रमाणात मिळायचा, "पाउंडेज" म्हणतात ते हेच. त्यामुळे तो हळू विणकरणीच्या मागे लागायचा आणि चांगली विणकरीण दुसऱ्या टॅकलरकडे जाऊ नये म्हणून जपायचाही. सगळे टॅकलर पुरुष, साच्यांवर बहुसंख्य बायका. आजी टॅकलरबद्दल रागानं बोलत असतील तर त्या रागाचा बराचसा भाग इथला आहे. पहिल्यांदा "साचे दुरुस्त करणारा जॉबर, त्यांच्या भाषेत टॅकलर" असं लिहून पुढे टॅकलर ठेवावं असं माझं मत.

दुसरं. मुंबईच्या गिरण्यांत बायका वायंडिंग आणि रीलिंग खात्यात होत्या, साच्यावर जवळपास नव्हत्याच. त्यामुळे गिरणगावच्या वाचकासमोर "साच्यावर काम" म्हटलं की पुरुष उभा राहतो. पहिल्याच पानावर स्पष्ट करा की तिथे साळखात्यात बायका जास्त होत्या, आणि 1892 च्या दरपत्रकापासून साध्या कापडाचा नगावरचा दर बाई-पुरुष दोघांना एकच होता. लग्नानंतरही आई कामावर का गेली, मूल शेजारणीकडे का ठेवलं, हे सगळं त्यातून उलगडतं.

तिसरं, "पहिली पाळी, दुसरी पाळी" हे शब्द 1930 च्या दशकातल्या मजकुरात आणू नका. बायकांना रात्रपाळीला कायद्यानं मनाई होती आणि साळखाता दिवसाच चालायचा. 1919 नंतर आठवडा 48 तासांचा, शनिवारी दुपारी सुट्टी. भोंगा मात्र होता, तो बिनधास्त लिहा.

ड्रॉइंग-इन, म्हणजे उभ्या तारा वहीतून आणि फणीतून ओवणं, आलं तर आमच्याकडचा शब्द वहिफणी. कुठल्याही सायझिंगवाल्याला विचारा, लगेच कळेल.

उताऱ्यात "स्टीमिंग" आलं असेल तर तेही सांगा. खळ लावलेली उभी तार कोरड्या हवेत ठिसूळ होते आणि पटापट तुटते, म्हणून साळखात्यात वाफ सोडायचे. घामेजलेल्या अंगानं बाहेर थंडीत यायचं. शालीचं महत्त्व तिथे आहे.

---

नगरची_मंडळी

चॅपलबद्दल लिहितो. गिरणगावच्या शब्दांइतकेच उपयोगी शब्द मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दीडशे-दोनशे वर्षं वापरात आहेत, ते घ्या.

आधी मूळ भेद. इंग्लंडमध्ये "चर्च" म्हणजे राज्याचं अधिकृत चर्च ऑफ इंग्लंड. त्याच्या बाहेरचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल यांची उपासनेची इमारत ती चॅपल. गिरणीमालक, जमीनदार, मोठे अधिकारी पुष्कळदा चर्चकडे. विणकर, टॅकलर, छोटे दुकानदार चॅपलकडे. अपवाद भरपूर, चॅपलला देणग्या देणारे मालकही होते, पण "आम्ही चॅपल" म्हणताना आजी धर्माबरोबर स्वतःची आळी आणि वर्गही सांगतात. म्हणून चॅपल हा शब्द तसाच ठेवा. "कपेल" तर चुकूनही नको. वसई-गोव्याच्या वाचकाला त्यातून कॅथलिक छोटं प्रार्थनास्थान दिसेल. "देवघर"ही नको.

बाकीचे: सर्व्हिस म्हणजे उपासना, जमलेली माणसं म्हणजे मंडळी, संडे स्कूल म्हणजे शब्बाथ शाळा, कलेक्शन म्हणजे अर्पण, कम्युनियन म्हणजे प्रभुभोजन. मिनिस्टर म्हणजे पाळक. "मंत्री" छापलं गेलेलं पाहिलं आहे म्हणून मुद्दाम सांगतो. मेथडिस्ट प्रभुभोजनात दारू नसायची, न आंबवलेला द्राक्षरस असायचा.

मेथडिस्टांचा पाळक एका चॅपलचा नसतो. आठ-दहा चॅपल मिळून एक "सर्किट", त्यात दोन-तीन पाळक, आणि तेही काही वर्षांनी बदलून जाणारे. मग दर रविवारी उपदेश कोण करणार? स्थानिक उपदेशक. म्हणजे आठवडाभर साच्यावर असणारा माणूस रविवारी चार मैल चालत जाऊन व्यासपीठावर उभा राहायचा. कोणी, कुठे, कोणत्या रविवारी, याचं तीन महिन्यांचं छापील वेळापत्रक म्हणजे "प्लॅन". "वडील प्लॅनवर होते" याचा अर्थ वडील मान्यताप्राप्त स्थानिक उपदेशक होते. ही फार मोठी गोष्ट आहे, ती "योजनेत सहभागी होते" अशी वाया घालवू नका. शाळा लवकर सुटलेल्या माणसाला वाचायला, टिपणं काढायला, सभेत उभं राहून मुद्दा मांडायला इथे शिकायला मिळालं. युनियनच्या सभांमध्ये बोलणारे कितीतरी लोक याच व्यासपीठावर तयार झाले.

"क्लास" म्हणजे शाळेचा वर्ग नाही. दहा-बारा सभासदांचा गट, त्याला एक पुढारी, दर तिमाहीला सभासदत्वाचं छोटं छापील तिकीट. पुष्कळ घरांत ही तिकिटं बायबलमध्ये जपलेली सापडतात; त्यावर तारीख असते, तेव्हा विचारून पाहा.

"सर्मन्स"चं "प्रवचनं" केलं तर दिवसच हरवतो. हा शब्बाथ शाळेचा वार्षिक रविवार. मुलींना पांढरे झगे, चॅपलमध्ये पायऱ्यापायऱ्यांचा लाकडी मंच, त्यावर मुलं बसलेली, महिनोन्महिने तालीम केलेली खास गीतं, बाहेरून बोलावलेला उपदेशक, आणि शाळेच्या वर्षभराच्या खर्चासाठी अर्पण. किती जमलं याची शेजारच्या चॅपलशी तुलना व्हायची. मराठीत "शब्बाथ शाळेचा वार्षिक रविवार, ज्याला सगळे सर्मन्स म्हणत".

"बँड ऑफ होप" ही मुलांची दारूविरोधी सभा, लीड्समध्ये 1847 मध्ये सुरू झालेली. आठवड्यातून एका संध्याकाळी गाणी, गोष्टी, आणि आयुष्यात दारूला शिवणार नाही या शपथेच्या कार्डावर सही. सात-आठ वर्षांच्या मुलीनं केलेली सही पुढे ऐंशी-नव्वद वर्षं पाळलेली असू शकते. विचारण्याजोगा प्रश्न आहे.

"वॉकिंग डे" साधारणपणे व्हिटसनच्या सुमारास, म्हणजे ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या आसपास. पुढे पितळी वाद्यांचा बँड, मग रेशमी मोठा झेंडा दोन काठ्यांवर, पुढे-मागे वाऱ्याविरुद्ध ताणून धरलेले दोर, आणि झेंड्याच्या फिती धरून पांढऱ्या झग्यातल्या मुली. वारा सुटला की दोर धरणाऱ्या पुरुषांची कसोटी; फार झाला तर झेंडा उतरवून ठेवायचे. नवे कपडे वर्षातून या एकाच वेळी, आणि मुलं ते दाखवायला शेजाऱ्यांकडे जात, शेजारी खिशात पेनी टाकत. मिरवणूक म्हणा. "दिंडी" म्हटलं तर ओळखीचं वाटेल, पण मग वाचक विठोबाकडे चालू लागतो.

एक सुंदर धागा जाता जाता. आजी गाण्याबद्दल "टॉनिक सोल-फा" म्हणाल्या असतील. पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीऐवजी डो-रे-मीची अक्षरं लिहून गायची पद्धत. त्यातला डो कुठल्याही पट्टीवर सरकतो, अगदी आपल्या सासारखा. मराठी वाचकाला "सारेगम लिहून गाण्यासारखं" म्हटलं की एका ओळीत कळतं, आणि या वेळी तुलना खरोखर बरोबर आहे. साच्यावरचे लोक नाताळातले चार भागांचे मोठे कोरस कसे गात होते, त्याचं उत्तर हेच.

---

आडवा_धागा

"प्लॅनवर होते" हे मी "नियोजन समितीत" असं केलं होतं! आजच बदललं. एक विचारतो: उताऱ्यात "आम्ही प्रिम्स होतो, मग सगळे एक झालो, पण आम्ही काही त्यांच्याकडे गेलो नाही" असं आहे.

---

नगरची_मंडळी

प्रिम्स म्हणजे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट, जास्त कामगार वस्तीतले. वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड असे तीन मेथडिस्ट पंथ 20 सप्टेंबर 1932 रोजी एक झाले. कागदावर. एकाच रस्त्यावरची दोन चॅपल पुढे कित्येक वर्षं वेगळीच चालली, कारण इमारतीला लोकांच्या पेन्या लागल्या होत्या, बाकांवर घराण्यांची नावं होती (बाकांचं भाडं तिमाहीला भरायचे), आणि तिथेच लग्नं-मरणं झाली होती. आजी तेव्हा सात वर्षांच्या. 1933 मध्ये एकत्रित नवं गीतपुस्तक आलं, तेव्हा "नवं पुस्तक आलं" हा उल्लेख सापडला तर त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघून प्रसंगाचा काळ ठरवता येईल.

---

पै_आणा

घर आणि पैसे.

रुपये करू नका. 12 पेनींचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पाउंड. ही पद्धत 15 फेब्रुवारी 1971 पर्यंत. मराठी वाचकाला 12 पैंचा आणा आणि 16 आण्यांचा रुपया माहीत आहे, तेव्हा एक टीप पुरते. अगदीच तुलना हवी असेल तर त्या काळचा दर वापरा: 1927 पासून रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेनी, म्हणजे पाउंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. आजचा दर लावला तर आकडा निव्वळ खोटा होतो.

"टिप अप" म्हणजे पगाराचं पाकीट न उघडता आईच्या हातात देणं. आई त्यातून "स्पेंड्स" परत द्यायची, पुष्कळ घरांत शिलिंगमागे एक पेनी, म्हणजे बारावा हिस्सा. नवराही बऱ्याच घरांत असाच पाकीट देणारा. "खर्ची" हा आपला शब्द चपखल बसतो.

"डिव्ही" म्हणजे सहकारी भांडाराचा लाभांश. रॉचडेलला 1844 मध्ये सुरू झालेली पद्धत: जितकी खरेदी, त्या प्रमाणात नफ्याचा वाटा सभासदाला. प्रत्येक खरेदीला आईचा सभासद क्रमांक सांगावा लागे, म्हणून तो क्रमांक लोकांना म्हातारपणीही तोंडपाठ असतो. जरूर विचारा. डिव्हीच्या पैशातून मुलांचे बूट यायचे.

आता सापळे. त्यांचं "डिनर" दुपारी बाराचं, "टी" म्हणजे संध्याकाळचं जेवण. "चहाला बटाटे आणि मांस" अशी विचित्र वाक्यं होतात ती यामुळे. "क्लॉग्ज" म्हणजे खडावा नव्हेत. वरून चामड्याचा बूट, तळ लाकडाचा, खाली घोड्याच्या नालेसारखी लोखंडी पट्टी. तिला नालच म्हणा. नाल झिजली की क्लॉगवाल्याकडे नवी ठोकून घ्यायची, उशीर केला तर लाकूडच झिजतं आणि मग पूर्ण तळ बदलावा लागतो. पहाटे दगडी रस्त्यावर शेकडो नालांचा आवाज, हा या आठवणींतला कायमचा आवाज आहे.

घराला "चाळ" म्हणू नका. चाळीत गॅलरी, नळ, संडास सामाईक. तिथे वर दोन खोल्या, खाली दोन, रांगेत चिकटलेली घरं, पण प्रत्येकाला रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार आणि मागे स्वतःचं छोटं फरसबंद अंगण, त्यात संडास. दाराची पायरी "डाँकी स्टोन"नं घासून तिच्या कडेला फिकट रेघ काढायची. हा दगड भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा. पायरी न घासणाऱ्या घराबद्दल सगळी आळी बोलायची.

सोमवार धुण्याचा. तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली विस्तव, उकळतं पाणी, लाकडी दांड्याच्या "पॉसर"नं कपडे चेपायचे, दोन रुळांच्या यंत्रातून पिळायचे, पांढऱ्यांना नीळ. पाऊस असला की घरभर ओले कपडे, छताला दोरीनं ओढलेल्या काठ्यांवर. सोमवारी रविवारचंच उरलेलं जेवण का, ते इथे कळतं.

"मीन्स टेस्ट" आला असेल तर शब्दश: "साधन चाचणी" पुरेशी नाही. 1931 च्या शेवटापासून दीर्घ बेकारी भत्ता देताना घरातल्या सगळ्यांची कमाई मोजू लागले. भाऊ कमावता असेल तर बापाचा भत्ता कापला जाई. म्हणून तरुण मुलगा कधी कधी दुसरीकडे भाड्यानं राहायला जाई, निदान कागदावर. अधिकारी घरात येऊन सामान पाही. जुनी माणसं या विषयावर आवाज खाली आणतात. 1941 मध्ये ही कुटुंबाधारित पद्धत गेली.

---

जुनी_कागदपत्रं

तारखांचं सोडवू.

"बाराव्या वर्षी अर्धा दिवस" ही आठवण आजींची असू शकत नाही, बहुधा आईची आहे. अर्धवेळ पद्धतीत मूल एक आठवडा सकाळी गिरणी, दुपारी शाळा, पुढच्या आठवड्यात उलट. 1918 च्या शिक्षण कायद्यानं ती बंद केली आणि 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला ती प्रत्यक्षात संपली. आईचा जन्म 1900 च्या आसपासचा असेल तर हिशेब बरोबर बसतो. शंभरीतल्या माणसाकडून हे होतंच: आईकडून लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी बसते. उतारा दुरुस्त करू नका. आजींचं वाक्य तसंच ठेवा, खाली टीप द्या, आणि पुढच्या बैठकीत "तुम्ही" न विचारता "तुमच्या आई अर्धवेळ होत्या का" असं विचारा.

शाळा चौदाव्या वाढदिवसाला नाही, तर ते सत्र संपल्यावर सुटायची. एप्रिल 1925 चा जन्म म्हणजे साधारण जुलै 1939. शाळा सोडण्याचं वय 1 सप्टेंबर 1939 पासून 15 होणार होतं, युद्धामुळे ते लांबलं आणि 1947 मध्ये झालं. म्हणजे आजी गिरणीत शिरल्या आणि काही आठवड्यांत युद्ध सुरू झालं. त्यांनी हे दोन प्रसंग एकत्र सांगितले असतील तर ते अचूक आहे.

कागद कुठले: 19 जून 1921 ची जनगणना उपलब्ध आहे आणि तीत मालकाचं नावही असतं, म्हणजे आई-वडील कोणत्या गिरणीत होते ते मिळेल. 1931 ची इंग्लंडची जनगणना 1942 मध्ये आगीत गेली, 1941 मध्ये ती झालीच नाही. मधे आधार फक्त 29 सप्टेंबर 1939 च्या राष्ट्रीय नोंदणीचा. तीत हयात माणसाची ओळ जन्मापासून 100 वर्षं झाकलेली असते. आजींची शंभर पूर्ण झाल्यामुळे त्यांची ओळ आता उघडू शकते. व्यवसायाच्या रकान्यात कापूस विणकामाचा उल्लेख दिसला तर प्रश्नच मिटला.

मे 1935 चा राजाच्या रौप्यमहोत्सवाचा समारंभ आणि मे 1937 चा राज्याभिषेक लोक हमखास एक करतात, कारण दोन्ही वेळा रस्त्यात टेबलं मांडून खाणं आणि मुलांना चित्राचे मग. मग घरात असेल तर त्यावर राजा कोणता ते बघा: पंचम जॉर्ज की सहावा. समुद्रकिनाऱ्याच्या सहलीचंही असंच. गावच्या गिरण्या एकदम बंद होण्याचा आठवडा, "वेक्स वीक", 1938 च्या कायद्याआधी साधारणपणे बिनपगारी असायचा; वर्षभर क्लबात पैसे साठवून ब्लॅकपूल गाठायचे. "सुट्टीचा पगार मिळाला" असं वाक्य आलं तर ते त्यानंतरचं.

आता "इंडियामुळे". टीप द्याच, पण आजींचं बोलणं खोडणारी नको. 1913 मध्ये ब्रिटनमधून सुमारे 7 अब्ज यार्ड कापड निर्यात झालं, त्यातलं जवळपास 3 अब्ज हिंदुस्थानात आलं. पहिल्या महायुद्धानंतर हा बाजार सुटत गेला: मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी कापड, वाढतं आयातशुल्क, आणि 1930-31 चा बहिष्कार हा शेवटचा दणका. धोतरं मुख्यतः ब्लॅकबर्न भागात विणली जात. बर्नलीत छपाईसाठीचं साधं कापड, नेल्सनमध्ये तलम. म्हणून वडील नेमकं कोणतं कापड विणत होते ते आधी विचारा. बर्नलीत त्याच काळात दुसरं कारणही होतं: 1931 मध्ये मालकांनी चारऐवजी आठ साचे द्यायचा प्रयत्न केला, टाळेबंदी झाली, 1932 मध्ये मोठा संप झाला. मुंबईच्या 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातही जास्त यंत्रं सांभाळायला लावण्याविरुद्धची मागणी होती, ही जुळणी गिरणगावच्या वाचकाला नक्की सांगा. आणि गांधीजी सप्टेंबर 1931 मध्ये लँकेशायरमधल्या डार्वेनला जाऊन याच बेकार होत चाललेल्या लोकांना भेटले; गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हसत उभे असलेले गांधीजी तिथलेच.

---

आडवा_धागा

सगळं उतरवून घेतलं. शेवटचे दोन प्रश्न. आजींची बोली दाखवायला मालवणी वापरण्याचा मोह होतो आहे, कारण गिरणगावात तीच ऐकू यायची. आणि उरलेल्या बैठकांत काय सांभाळावं? त्यांना ऐकू फार कमी येतं.

---

साळखाता

मालवणी नको. पहिल्या वाक्यातच वाचक कणकवलीला पोचेल आणि आजी बर्नलीत एकट्या राहतील. साधी बोली मराठी, लहान वाक्यं, गिरणीचे शब्द, एवढ्यानं पुरेसा वास येतो. "अवर मेरी" म्हणजे "आमची मेरी", घरातली, बहुधा बहीण. ते तसंच ठेवा.

ऐकण्याबद्दल. साळखात्याच्या आवाजानं आधी उंच पट्टीचं ऐकणं जातं, स-श-फ-थ अशी व्यंजनं गळतात. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की स्वर मोठे होतात आणि व्यंजनं तशीच हरवतात. आजी बहुतेक अजूनही ओठ वाचत असणार. खिडकीचा उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं समोर बसा, खिडकी तुमच्या पाठीशी नको. तोंडापुढे हात किंवा कागद नको, एका वेळी एकानंच बोलायचं, प्रश्न मोठ्या अक्षरात कार्डावरही लिहून न्या. माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर, कपड्याला घासणार नाही असा. चाळीस मिनिटांत थांबा.

आणि हातात वस्तू द्या. धोटा, कांडी, थोडं सूत. बर्नलीजवळ हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल ही वाफेच्या इंजिनावरची गिरणी साच्यांसकट जपलेली आहे. तिथल्या साच्यांचं चित्रण आवाजासह मिळालं तर तेही दाखवा. सुताची दोन टोकं दिली की विणकरी गाठ हात आपोआप मारतात, बोलणं नंतर येतं. त्या वेळी कॅमेरा हातांवर ठेवा, आणि गाठ पुन्हा एकदा सावकाश मारायला सांगा.